आधी कुत्र्याला फेरेटची सवय
दादा, इंग्लंडात इतक्या वर्षांनी परत फेरेट (बिळात सोडून ससे बाहेर काढायचा, मुंगसासारखा दिसणारा पाळीव प्राणी) घेऊन बिळातल्या सशांमागे जाताय आणि घरच्या व्हिपेट कुत्र्यालाही शिकवायचं म्हणताय, वाचून फार बरं वाटलं. पण घाई नको हां. आधी कुत्र्याला पट्ट्यावर धरून रोज फेरेट दाखवा, वास घेऊ द्या, तो घरातलाच वाटला पाहिजे, नाहीतर बिळातून फेरेट बाहेर आला की कुत्रा त्यालाच धरेल. ससा आत असेल तर कुत्रा बिळाच्या तोंडाशी थबकतो, कान टवकारतो, ते नाकाचं काम, आपण फक्त ओळखायला शिकायचं. बिळाच्या तोंडाला लावलेल्या जाळ्यात अडकलेल्या सशावर मात्र झेप घेऊ देऊ नका. फेरेटला लोकेटर कॉलर, म्हणजे जमिनीखाली तो कुठे आहे ते कळवणारा गळपट्टा, हवीच, फेरेट आत ससा मारून तिथेच बसला तर खणून काढता येतो. आणि जमीन स्वतःची नसेल तर ती ज्याच्या ताब्यात आहे त्याची परवानगी घ्याच, कुत्र्यांनी शिकार करायला बंदी घालणाऱ्या २००४ च्या हंटिंग ॲक्टमधली सशांची सूट त्यावरच आहे.