‘निवड’ की ‘भरती’? फॅमिली मेडिसिनच्या जागांसाठी नेमका शब्द

प्रश्न : डॉक्टरांचा तुटवडा असताना ब्रिटनमध्ये जीपीच्या (म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरच्या) तीन वर्षांच्या प्रशिक्षणाला डॉक्टर कसे घेतात, या लेखाचं मराठी करतेय. ‘निवड’ लिहू की ‘भरती’? आणि ‘फॅमिली मेडिसिन’ला ‘कुटुंबवैद्य’ चालेल?

उत्तर १ : ‘कुटुंबवैद्य’ नको, वाचकाला आयुर्वेदाचा दवाखाना आठवेल. शास्त्राला ‘कुटुंबवैद्यक’ बरोबर आहे, पण बोलण्यात ‘फॅमिली मेडिसिन’च रुळलंय.

‘भरती’ म्हणजे रिकामी जागा भरणं. ‘भरतीचा मजकूर’ आठवा. ब्रिटनमध्ये 2020पर्यंत उमेदवाराला तीन लुटुपुटूच्या भेटी पार पाडाव्या लागत : रुग्णाशी, नातेवाइकाशी आणि सहकाऱ्याशी. शिवाय कामांचा अग्रक्रम लावण्याचा लेखी सरावही असे. याला ‘निवड’च म्हणायला हवं. कोविडमध्ये हा टप्पा बंद झाला आणि एमएसआरए या संगणकीय परीक्षेच्या गुणांवरच क्रम लागू लागला.

उत्तर २ : तरी ती ‘निवड’च. त्या परीक्षेचा अर्धा भाग पेचप्रसंगांचा असतो : सहकारी दारू पिऊन कामावर आला तर आधी काय कराल, या धाटणीचा. पर्यायांचा क्रम लावायचा किंवा आठांतले तीन निवडायचे. पाठांतर तिथे फारसं कामाचं नाही.

आपल्याकडे डीएनबी (एमबीबीएसनंतरची पदव्युत्तर पदवी) फॅमिली मेडिसिनला वेगळी चाळणी नाही. नीट-पीजी या सामायिक प्रवेश परीक्षेचे 200 प्रश्न, बरोबर उत्तराला 4 गुण, चुकलं तर 1 वजा. मग गुणवत्ता क्रमांक आणि पसंतीक्रम जुळवून जागा मिळते. याला ‘वाटप’ म्हणा. मराठी बातम्या सर्रास ‘निवड’ छापतात, ते मला खटकतं. रुग्णाशी बोलता येतं का, हे कुणी तपासलेलंच नसतं.

प्रश्नकर्ती : मग 2023 मध्ये नीट-पीजीचा कटऑफ शून्य पर्सेंटाइलवर आला, तेव्हा ‘शून्य गुण मिळवणारे पात्र’ असं छापलं होतं, ते?

उत्तर २ : चूक. शून्य पर्सेंटाइल म्हणजे शून्य गुण नव्हेत आणि शून्य टक्केही नव्हेत. पर्सेंटाइल सांगतं, आपल्या खाली किती टक्के परीक्षार्थी आहेत. ‘शततमक’ हा प्रतिशब्द आहे. शून्य शततमक म्हणजे तळाचाही पात्र, मग गुण उणे का असेनात. एरवी खुल्या गटाला 50वा लागतो. जागा रिकाम्या राहू नयेत म्हणून दार उघडलं, पण ‘पात्र’ म्हणजे ‘निवडलेला’ नाही, क्रमांक लागतोच.

उत्तर १ : ‘तुटवडा’ आणि ‘रिक्त जागा’ही एक करू नका. जागा रिकामी राहते ती बऱ्याचदा कुणी पसंतीक्रमात वर लिहीत नाही म्हणून. शीर्षकात ‘निवड’ ठेवा. तुटवड्याच्या परिच्छेदात ‘भरती’ आली तर चालेल.