मदत हवी आहे: जपानला दुसऱ्यांदा जावं का?

2013 ते 2018 आम्ही तोक्योत, निशी-कासाईला होतो. आता नवऱ्याला तिथेच पुन्हा नोकरी देऊ केली आहे आणि महिनाअखेर उत्तर द्यायचंय. तो एका पायावर तयार. माझं मन सारखं मागेपुढे होतंय. आराकावाच्या काठचं फिरणं, वेळेवर येणारी तोझाई लाईन, सगळं हवंसं वाटतं. पण तिथल्या एकट्या दुपारी आठवल्या की पोटात गोळा येतो.

व्हिसा, पगार, घरभाड्याची चौकशी झाली आहे. येन घसरलाय तेही हिशेबात धरलंय. निघाल्यावर पेन्शनचे पैसे एकरकमी काढले, त्यामुळे ती वर्षं आता धरत नाहीत. पीआरसाठीही (कायम राहण्याच्या परवान्यासाठी) सलग वास्तव्य लागतं, म्हणजे पाटी कोरी. जुन्या मैत्रिणींना विचारलं, तर 'ये गं लवकर!' यापलीकडे कुणी बोलत नाही. (त्यांना तिथे सोबत हवी आहे, हे मला कळतं.) सासूबाई येणार नाहीत, पण नणंद पुण्यातच असते, तो प्रश्न नाही.

अडलंय ते मुलीपाशी. ती चौथीत आहे, जपानी पार विसरली. भारतीय शाळेची फी जमेल, पण मग ती तिथे राहून परकीच राहील असं वाटतं.

मध्ये काही वर्षं भारतात राहून त्याच देशात परत गेलेल्यांनी सांगा, जपानच हवा असं नाही: जे आठवत होतं ते तिथे सापडलं का? आणि एवढ्या मुलाला थेट स्थानिक शाळेत घातलं असेल, तर वर्गात बोलायला लागेपर्यंत किती महिने गेले?