मिश्री लावणाऱ्या बाईच्या रक्तातून नवऱ्याच्या विडीचा धूर कसा ओळखायचा?

नमस्कार मंडळी,

मी जीवरसायनशास्त्रात पीएचडी करतेय. विषय असा : घरात विडी ओढली जाते, पण स्वतः कधीच ओढलेली नाही, अशा बायकांच्या रक्तवाहिन्यांवर त्या धुराचा काय परिणाम होतो?

धमनीची तपासणी ठरली आहे. हाताला पट्टा 5 मिनिटं आवळून सोडायचा आणि दंडातली धमनी किती फुलते ते अल्ट्रासाउंडवर मोजायचं. दुसऱ्याच्या धुराने निरोगी तरुणांतही हे फुलणं कमी होतं, हे 1996 मध्येच दाखवलं गेलंय. 2001 मधल्या जपानी प्रयोगात तर 30 मिनिटांच्या धुराने सिगारेट न ओढणाऱ्यांच्या हृदयधमन्यांची रक्तप्रवाह वाढवण्याची क्षमता घटली होती.

अडलंय ते धूर मोजण्यात. सगळे कोटिनीन (निकोटीनपासून शरीरात बनणारा पदार्थ) मोजतात, कारण रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्मं होतं, कोटिनीनला 16 ते 20 तास लागतात. पण आमच्याकडे कितीतरी बायका मिश्री लावतात, म्हणजे भाजलेली तंबाखूच. दुसऱ्याच्या धुराने कोटिनीन मिलिलिटरमागे एखाद-दुसरा नॅनोग्रॅम, बहुतेकदा त्याहून कमी. तोंडातल्या तंबाखूने ते शेकड्यांत जाऊ शकतं. "तंबाखू घेता का?" विचारलं की "नाही" म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या लेखी दात घासायची वस्तू. आता मी थेट मिश्रीचंच नाव घेऊन विचारते.

एनएनएएल (तंबाखूतल्या एका कर्करोगकारक द्रव्यापासून शरीरात बनणारा पदार्थ) जास्त दिवस टिकतं, पण तेही तंबाखूतूनच येतं, म्हणजे मिश्रीचा घोळ तसाच. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मिश्रीने वाढत नाही, पण चुलीने वाढतो. हवेतल्या पीएम 2.5 चंही (अतिसूक्ष्म कणांचंही) तेच. मिश्रीवाल्या बायका वगळा, असं गाइड म्हणतात. मला ते पटत नाही. ज्यांच्यासाठी अभ्यास करायचा त्याच बाहेर राहतील.

म्हणून हवेतलं निकोटीन टिपणारा बॅज वापरावा असं वाटतं. सोडियम बायसल्फेट लावलेला फिल्टर आठवडाभर घरात टांगायचा. चुलीच्या धुरात निकोटीन नसतं. पण काही घरांत मिश्री तव्यावर भाजतात, त्याचं निकोटीन फिल्टरवर बसेल ना? हे कुणी तपासलंय का? भाजण्याच्या दिवसाची नोंद ठेवून भागेल, की तेव्हा बॅज काढून ठेवावा? आणि तो खोलीत टांगावा की पदराला लावावा?

शिवाय मिश्री न लावणाऱ्यांचं कोटिनीन एलायझाने (प्रतिपिंडं वापरून करायच्या चाचणीने) मोजलं तर चालेल का? त्यातली प्रतिपिंडं कोटिनीनपासूनच बनणाऱ्या हायड्रॉक्सीकोटिनीनलाही चिकटतात, आणि इतक्या कमी पातळीला ती चूक मोठी ठरेल अशी भीती आहे. एलसी-एमएस (रेणू वेगळे करून वस्तुमानावरून ओळखायची पद्धत) बाहेरून करून घ्यावं लागेल, खर्च बराच आहे.

प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. नमुने गोळा करायला अजून सुरुवात केलेली नाही, त्यामुळे आराखडा बदलता येईल.