बिघडलेले कायनेज थांबवता येते, हरवलेले पी-५३ परत आणणे अवघड
इमॅटिनिबच्या गोळीने रक्ताचा एक कर्करोग आटोक्यात येतो, तर पेशींच्या बेलगाम वाढीला आळा घालणाऱ्या पी-५३ या प्रथिनाच्या बिघाडासाठी तशीच गोळी अजून का नाही, असे एका चर्चेत विचारले गेले; हा प्रश्न रास्त आहे. मात्र ‘संशोधकांचे तिकडे लक्षच नाही’ हे त्याला मिळालेले उत्तर मला पटत नाही. कायनेज हे विकर एटीपी या पेशीतील ऊर्जावाहक रेणूमधील फॉस्फेट दुसऱ्या प्रथिनाला जोडून पेशीला वाढीचा निरोप देते. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात ९ व २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन बीसीआर-एबीएल हे सतत चालू राहणारे कायनेज तयार होते, आणि इमॅटिनिब नेमके त्याच्या एटीपी बसण्याच्या खोबणीत जाऊन बसते. पी-५३ किंवा त्याच्यासारखेच पहारेकरी प्रथिन आरबी यांची अडचण उलटी आहे. तेथे पहारा देणारे प्रथिनच निकामी किंवा नाहीसे झालेले असते; जे काम करतच नाही, ते गोळीने थांबवायचे कसे?

चर्चेत न आलेली एक बाब म्हणजे ती खोबणीही बदलू शकते, आणि मग इमॅटिनिब तिथे नीट बसत नाही. माझी आई सांगलीत रोज रात्री जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर ही गोळी घेत असे आणि दर तीन महिन्यांनी मिरजेला रक्त तपासून येत असे. चौथ्या वर्षी, एकही गोळी चुकलेली नसताना आणि तिला काहीही त्रास नसताना, बीसीआर-एबीएलचे प्रमाण वाढू लागले. उत्परिवर्तनाच्या चाचणीत खोबणीजवळचे एकच अमिनो आम्ल बदललेले आढळले. डॉक्टरांनी डॅसाटिनिब हे त्याच कायनेजला रोखणारे दुसरे औषध सुरू केले आणि पुढच्या दोन तपासण्यांत ते प्रमाण पुन्हा खाली आले.