इंग्लंडात प्लॅनिंग परमिशन (बांधकामाची परवानगी) मिळाली, आता पुढे? तुमचे अनुभव लिहा

मंडळी, मागच्या आठवड्यात कौन्सिलचं (इथल्या पालिकेचं) पत्र आलं. घराच्या मागच्या बाजूला एकमजली एक्स्टेन्शन, म्हणजे वाढीव बांधकाम, मंजूर! दोन महिने जीव टांगणीला लागला होता, त्यामुळे ‘ग्रँटेड’ एवढाच शब्द वाचला आणि घरात शिरा झाला. पुढची पानं काल रात्री उघडली, तर खाली सहा अटी. बिल्डर म्हणतो सोमवारी खणायला येतो. या टप्प्यावर तुम्ही काय केलंत, कुठे अडकलात? ऐकीव नको, स्वतःवर बेतलेलं लिहा.

रेडिंगकर
सोमवार आधी रद्द करा! अटींमध्ये ‘प्रायर टू कमेन्समेंट’ (काम सुरू करण्याआधी) असे शब्द आहेत का बघा. असले, तर त्या अटीची पूर्तता कौन्सिलने लेखी मान्य करेपर्यंत कुदळ मारायची नाही. आमच्याकडे विटांचा नमुना मागितला होता. मी जुन्या भिंतीला नवी वीट टेकवून, ऊन असताना आणि ढग असताना, असे दोन फोटो पाठवले. बायको म्हणाली, मुलीसाठी स्थळ बघतोयस का? अटीची पूर्तता मान्य करून घ्यायच्या अर्जालाही आठ आठवडे लागू शकतात, ते धरून चाला.

जोडघरवाली
आमचं सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक. परमिशन आहे म्हणजे शेजाऱ्यांचा प्रश्न मिटला असं मी समजत होते. पार्टी वॉल, म्हणजे सामाईक भिंतीचा कायदा (1996 चा) वेगळाच आहे, कौन्सिलचा त्याच्याशी संबंध नाही. शेजारच्या इमारतीपासून 3 मीटरच्या आत त्यांच्या पायापेक्षा खोल खणायचं असेल, तर एक महिना आधी नोटीस. सामाईक भिंतीलाच हात लावायचा असेल, तर दोन महिने आधी.

मी नोटीस सरळ त्यांच्या दारातून आत सरकवली. आजी ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. कायद्याची भाषा वाचून त्या घाबरल्या आणि गप्प बसल्या. 14 दिवसांत उत्तर नाही आलं की वाद आहे असंच धरतात. मग सर्व्हेयर आला, त्याने त्यांच्या भिंतीवरच्या बारीक बारीक भेगांचेसुद्धा फोटो काढले, आणि फी अर्थात आम्ही भरली. काम संपल्यावर आजी म्हणाल्या, “आधी चहाला आली असतीस तर मी लगेच सही केली असती.” काय बोलणार!

खड्डातज्ज्ञ
बिल्डिंग रेग्युलेशन्सची मंजुरी वेगळी घ्यावी लागते, हे अजून कोणीच कसं लिहिलं नाही? प्लॅनिंगवाले घर कसं दिसेल ते बघतात, हे लोक ते उभं राहील का ते बघतात. आमच्या नकाशात पाया 1 मीटर होता. इन्स्पेक्टर आला, खड्ड्यात वाकून चिकणमातीतून करंगळीएवढं मूळ उपटलं, माझ्या हातात दिलं आणि कुंपणापलीकडच्या ओकच्या झाडाकडे बोट दाखवलं. झाडाची मुळं इथवर आलेली, म्हणून पाया 1.8 मीटरवर गेला. जादा काँक्रीटचे पैसे बजेटमध्ये नव्हते. आणि हो, बागेत मॅनहोल असेल तर झाकण उघडून बघा. सार्वजनिक सांडपाण्याच्या वाहिनीच्या 3 मीटरच्या आत बांधायचं तर पाणी कंपनीची संमती लागते.

वाचनमात्र
घराच्या विमा कंपनीला कळवा. आम्ही विसरलो होतो. छप्पर उघडं असताना पाऊस आला. बाकी लिहवत नाही.

लेस्टरची सून
काम चालू असताना नवऱ्याला सुचलं, खिडकी थोडी मोठी करू या. बदल किरकोळ असला तरी मंजूर नकाशाबाहेर जातो, त्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागला. शेवटी बिल्डिंग रेग्युलेशन्सचं कम्प्लिशन सर्टिफिकेट (काम नियमानुसार पूर्ण झाल्याचा दाखला) हातात पडल्याशिवाय बिल्डरचा शेवटचा हप्ता देऊ नका. आमच्या आधीच्या मालकांनी ते घेतलंच नव्हतं, घर विकत घेताना त्यापायी वकिलांची पत्रापत्री महिनाभर चालली.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. अट क्रमांक 4: विटा, ‘प्रायर टू कमेन्समेंट’. बिल्डरला फोन केला. तो म्हणाला, परमिशनला तीन वर्षं मुदत असते, एवढी काय घाई, आणि दुसरं काम धरलं! आज संध्याकाळी शेजारी जातोय. उरलेला शिरा चालेल का त्यांना?