ल्यूथरची धर्मसुधारणा: रयतेची की राजांची?

धागाकर्ता: ३१ ऑक्टोबर १५१७ ला जर्मन धर्मगुरू मार्टिन ल्यूथरने चर्चच्या पापमुक्तिपत्रांच्या (पापाच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या कागदांच्या) विक्रीविरुद्ध ९५ मुद्दे मांडले, हे शाळेत शिकलो. १५२५ बद्दल मात्र कुणी बोलत नाही. त्या वर्षी जर्मनीतल्या मेमिंगेन शहरात बंड करणाऱ्या शेतकऱ्यांनी १२ मागण्या लिहून काढल्या. त्यातली एक अशी की ख्रिस्ताने रक्त सांडून सगळ्यांनाच सोडवलंय, मग आम्ही भूदास, म्हणजे जमीनमालकाचे बांधील, का राहायचं? हे बळ त्यांना ल्यूथरच्याच शिकवणीतून मिळालं होतं. आणि त्याने काय केलं? बंडखोरांना कापून काढा, असं सरदारांना लिहिलं! फ्रँकेनहाउसेनच्या लढाईत हजारो शेतकरी मारले गेले. माझ्या लेखी सुधारणा तिथेच राजांच्या घरी गेली.

प्रतिसाद १: साफ असहमत. त्याआधी त्याने सरदारांनाही चांगलंच सुनावलं होतं, ते तुम्ही गाळलंत. एकदा ते पापमुक्तिपत्र डोळ्यांसमोर आणा. छापील कागद, नावाची आणि तारखेची जागा कोरी. पैसे मोजले की नाव भरून मिळायचं, मेलेल्या आईबापांसाठीसुद्धा. माइन्झच्या आर्चबिशपवर फुगर सावकारांचं कर्ज, म्हणून निम्मी रक्कम त्यांना, निम्मी रोमला सेंट पीटर चर्चच्या बांधकामाला. गरिबाच्या दुःखावर चाललेली ही वसुली ज्याने उघडी पाडली, तो रयतेचा नाही? वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून त्याने नवा करार (बायबलचा ख्रिस्ताविषयीचा भाग) जर्मनमध्ये आणला, तो कुणासाठी?

प्रतिसाद २: जर्मन बायबल त्याच्याआधी १८ वेळा छापून झालं होतं, पहिल्यांदा १४६६ मध्ये स्ट्रासबुर्गला. लोकभाषा ही काही प्रोटेस्टंटांची, म्हणजे ल्यूथरच्या बाजूच्यांची, मक्तेदारी नव्हे. आपल्या गोव्यात १६१६ ला ख्रिस्तपुराण ओवीबद्ध मराठीत छापणारे थॉमस स्टीफन्स जेझुइट होते, म्हणजे कॅथलिकच.

प्रतिसाद १: स्टीफन्सबद्दल मान्य. पण ती जुनी जर्मन भाषांतरं लॅटिनवरून, शब्दाला शब्द ठेवून केलेली. ल्यूथर मूळ ग्रीककडे गेला आणि बाजारातला माणूस कसा बोलतो ते ऐकून लिहिलं. सप्टेंबर १५२२ ची आवृत्ती डिसेंबरात पुन्हा छापावी लागली, ती काय राजांनी वाचली म्हणून?

धागाकर्ता: वाचता आलं, कबूल. निवडता आलं का? कॅथलिक आणि ल्यूथरन राजांमधला झगडा मिटवणाऱ्या १५५५ च्या आउग्सबुर्ग तहाने ठरवलं, राजाचा धर्म तोच प्रजेचा. पटत नसेल तर घरदार विकून मुलूख सोडा. तेही कॅथलिक किंवा ल्यूथरन एवढंच, कॅल्विन या दुसऱ्या सुधारकाच्या अनुयायांना त्यात जागाच नाही. मेमिंगेनच्या शेतकऱ्याने जे विचारलं, त्याचं उत्तर या तहात कुठे आहे ते दाखवा, मी माझे शब्द मागे घेतो.