आई-बाबांना सॅन फ्रान्सिस्कोत वेमोने फिरवावं का? सल्ला हवा

फिरस्ता_२२
पुढच्या महिन्यात आई-बाबा येतायत. आई ६८ वर्षांची, गुडघ्यांचा त्रास आहे, बाबा ७३. सोबत पाच वर्षांचा मुलगा. सॅन फ्रान्सिस्कोत दोन दिवस स्वतःची गाडी न नेता फिरायचा बेत आहे. बाबांना वेमोत, म्हणजे ॲपवरून बोलवायच्या चालकविरहित टॅक्सीत, बसायचंच आहे. आई म्हणते, चालवणारा माणूस नसलेल्या गाडीत मी नातवाला घेऊन बसणार नाही. तिची भीती मला उडवून लावायची नाही. बसवावं का? बसवलं तर कुठे, कसं? आणि गाडी मध्येच अडली तर काय करायचं? माहीतगारांनी कृपया सविस्तर सांगावं.

चढउतार
आधी जागेचं बघा. गाडी जॅग्वार आय-पेस असेल तर ड्रायव्हरची सीट रिकामीच ठेवावी लागते, म्हणून चारच प्रवासी: पुढे एक, मागे तीन. मुलगाही यात मोजला जातो. तुम्ही चौघं झालात. पाचवं कुणी असेल तर दुसरी गाडी बोलवा.

मुलासाठी कॅलिफोर्नियाचा नियम: आठ वर्षांखालचं मूल मागच्या सीटवर, कार सीट किंवा बूस्टरमध्ये (बूस्टर म्हणजे बेल्ट नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणारी बैठक). (उंची ४ फूट ९ इंच झाली असेल तर बूस्टरची गरज नाही, पण पाचव्या वर्षी तो प्रश्न नाही.) वेमोच्या गाडीत मुलांची अशी सीट ठेवलेली नसते, आपली आपण न्यायची. तिघं मागे बसणार असतील तर मोठ्या कार सीटने अडचण होते. मुलाचं वजन बूस्टरवरच्या मर्यादेत बसत असेल तर हलका बूस्टर घ्या. तो डावीकडे ठेवा. आधी तुम्ही उजव्या दारातून आत जा, मग मुलाला घ्या, त्याचा बेल्ट मधल्या सीटवरून लावा, आई सर्वात शेवटी उजवीकडे बसेल. म्हणजे तिला आत सरकावं लागत नाही आणि उतरताना पाय थेट फुटपाथच्या बाजूला.

पुढे बाबांना बसवा. समोर स्टिअरिंग आपोआप गरागरा फिरताना दिसतं. उत्सुक माणसाला ते बघायला फार आवडतं, घाबरलेल्याला मात्र पहिल्या फेरीत ते नको.

संथ_प्रवासी
वरच्याशी सहमत. गुडघ्यांसाठी एक महत्त्वाची भर.

वेमो 'नो स्टॉपिंग'च्या जागी सहसा थांबत नाही. ॲप म्हणतं, दोन-चार मिनिटं चालत अमुक कोपऱ्यावर या. नकाशावर ते अंतर किरकोळ दिसतं, पण रशियन हिल किंवा नॉब हिलवर दोन मिनिटं म्हणजे उभा चढ असू शकतो. बुक करण्याआधी चढायची आणि उतरायची, दोन्ही ठिकाणं नकाशा मोठा करून बघा आणि पिन सपाट रस्त्यावर सरकवा. रस्त्यावरच्या टॅक्सीवाल्याला "जरा पुढे घ्या" म्हणता येतं तसं इथे म्हणता येत नाही.

गाडी आली की छतावरच्या घुमटावर तुमची आद्याक्षरं दिसतात. ती जुळली की ॲपमधून दार अनलॉक करा. दाराची मूठ पत्र्यात सपाट बसलेली असते, ती त्यानंतर बाहेर येते. ज्येष्ठांना हे माहीत नसतं आणि ते दार चाचपत बसतात. सगळे बसले, दारं लागली, बेल्ट लागले, की स्क्रीनवर किंवा ॲपवर प्रवास सुरू करायचं बटण दाबायचं. तोपर्यंत गाडी हलत नाही. हे बटण आईंच्याच हातून दाबून घ्या.

पहिली फेरी दिवसा, दहा-पंधरा मिनिटांची, रुंद आणि सरळ रस्त्यांची. सनसेट किंवा रिचमंड भागात गोल्डन गेट पार्कच्या बाजूने ओशन बीचकडे जाणारी उत्तम. विमानतळाहून थेट वेमो हा बेत पहिल्या दिवशी नको: चार माणसं आणि भारतातून आलेल्या बॅगा त्या डिकीत मावत नाहीत.

लायडार_काका
आईंना समजावताना "हे अगदी दिल्ली मेट्रोसारखं" असं सांगू नका. दिल्लीच्या मॅजेंटा लाइनवर २८ डिसेंबर २०२० पासून चालकाविना गाडी धावते हे खरं, पण तिचा रूळ स्वतंत्र आहे, मध्ये कुणी येत नाही आणि पुढचा मार्ग मोकळा आहे का ते सिग्नल यंत्रणा सांगते. रस्त्यावर सायकलवाला, कुत्रा, अचानक उघडलेलं दार असं सगळं आहे. आई हुशार असतील तर हा फरक त्यांना लगेच कळेल, आणि मग तुमच्या बाकीच्या म्हणण्यावरही विश्वास बसणार नाही.

त्यापेक्षा मागच्या स्क्रीनवर काय दिसतं ते दाखवा. भोवतालच्या गाड्या, पादचारी, सिग्नलचा रंग, सगळं तिथे उमटतं. वेमोच्या आय-पेसवर २९ कॅमेरे, ६ रडार आणि ५ लायडार आहेत. लायडार लेझरच्या परतीच्या वेळेवरून अंतर मोजतो, म्हणून अंधारातही त्याला माणूस कळतो. एखादा पादचारी खांबाआडून निघाला की आईला तो खिडकीतून दिसायच्या आत स्क्रीनवर दिसलेला असतो. दोन चौक एवढंच बघू द्या, तुम्ही बोलू नका.

कोथरूडकर
सुरक्षिततेचे आकडे द्याल का? नुसतं "सुरक्षित आहे" म्हणून भागणार नाही. २०१८ मध्ये ॲरिझोनात अशाच गाडीच्या धडकेत बाई गेली होती ना?

लायडार_काका
रास्त प्रश्न. ती घटना टेंपीची, १८ मार्च २०१८, गाडी उबरची चाचणी गाडी होती. रात्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या बाईंना यंत्रणा कधी वाहन, कधी सायकल, कधी 'इतर' समजत राहिली. गाडीत देखरेखीसाठी बसलेल्या चालकाचं लक्ष फोनवर होतं. आणि गाडी मुळात व्होल्वोची; तिचं स्वतःचं आपत्कालीन ब्रेकिंग उबरची यंत्रणा चालू असताना बंद ठेवलेलं होतं.

दुसरी घटना क्रूझची (जनरल मोटर्सची चालकविरहित टॅक्सी), २ ऑक्टोबर २०२३, सॅन फ्रान्सिस्कोतच. माणसाने चालवलेल्या गाडीची धडक बसून एक बाई क्रूझच्या पुढ्यात पडली. क्रूझ थांबली, पण बाई खाली आहे हे न कळल्याने बाजूला घ्यायला निघाली आणि तिला सुमारे २० फूट फरफटत नेलं. त्याच महिन्यात क्रूझचा परवाना स्थगित झाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये जनरल मोटर्सने टॅक्सीसेवेचा नाद सोडला. म्हणून 'चालकविरहित' असा एकच शिक्का सगळ्यांवर मारू नका, कंपनीगणिक विचारा.

वेमोचं म्हणाल तर विमा कंपनी स्विस रीसोबतचा अभ्यास बघा: २.५३ कोटी मैलांत, माणसांनी चालवलेल्या गाड्यांच्या तुलनेत मालमत्तेच्या नुकसानीचे दावे ८८ टक्के आणि शारीरिक इजेचे ९२ टक्के कमी. अभ्यासात वेमोचा स्वतःचा सहभाग आहे, हेही आईंना सांगा.

आणि भीती वाटणाऱ्या त्या एकट्या नाहीत. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या २०२५ च्या पाहणीत दर दहांपैकी सहा चालकांना अशा गाडीत बसायची भीती वाटते, विश्वास फक्त १३ टक्क्यांना.

चढउतार
आता अडली तर. २० डिसेंबर २०२५ ला शहराचा मोठा भाग अंधारात गेला तेव्हा कित्येक वेमो चौकात उभ्या राहिल्या. बंद सिग्नलला त्या चारही बाजूंच्या 'स्टॉप'सारखं (सगळ्यांनी थांबून पाळीपाळीने जायचं) धरतात, पण काही वेळा दूरच्या कर्मचाऱ्याकडून खातरी करून घेतात. एकाच वेळी खूप गाड्यांनी विचारलं आणि उत्तरं तुंबली. तो कर्मचारी गाडी दुरून चालवत नाही, फक्त तिच्या प्रश्नाला उत्तर देतो. लाइट गेल्याची बातमी दिसली तर त्या दिवशी बसूच नका.

अडलात तर बेल्ट तसाच ठेवा आणि मदतीचं बटण दाबा, माणूस बोलतो. रहदारीच्या बाजूचं दार उघडू नका. गाडी थांबवायचं बटणही आहे, पण तो ब्रेक नव्हे: दाबल्यावर गाडी सुरक्षित जागा शोधून मगच थांबते. आईंना हे आधी सांगितलं नाही तर बटण दाबूनही गाडी पुढे जाते म्हणून त्या जास्त घाबरतील.

मिशनवाली
शहरातल्या लोकांचा रागही लक्षात घ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये चायनाटाउनमध्ये जमावाने रिकामी वेमो जाळली. ऑक्टोबर २०२५ मध्ये मिशन भागातल्या दुकानातली किटकॅट नावाची लाडकी मांजर गाडीखाली गेली, तेव्हाही संताप उसळला. टॅक्सीचालकांच्या पोटाचा प्रश्न आहेच; तो राग समजून घ्यावा असाच आहे. मोर्चा, मिरवणूक, मोठी मॅच सुटण्याची वेळ टाळा. कुणी मुद्दाम पुढे उभं राहिलं तर गाडी हलत नाही. दारं बंद ठेवा, काच खाली करू नका, मदतीला फोन, गरज पडली तर ९११ (आपत्कालीन सेवा).

बाबा "पुण्यात कधी?" विचारतील. गडकरींनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात स्पष्ट सांगितलंय की चालकांचे रोजगार जातील म्हणून ते अशा गाड्या भारतात येऊ देणार नाहीत.

फिरस्ता_२२
सर्वांचे मनापासून आभार. ओशन बीचची फेरी ठरवतो. बाबा पुढे, बटण आईकडे. तिने नाही म्हटलं तर बाबा आणि मी जाऊ, आई आणि मुलगा बसने येतील. मित्राच्या टेस्लात आधी सवय करून घ्यावी का?

लायडार_काका
नको. टेस्लाच्या स्वयंचलित प्रणालीत चालकाने सतत लक्ष ठेवायचं असतं, जबाबदारी त्याचीच. तिथे मित्राने एकदा जरी घाईने स्टिअरिंग पकडलं तरी आई वेमोत पाय ठेवणार नाहीत.

संथ_प्रवासी
आणि आई बसने येणार असतील तर बूस्टर तुमच्याकडे राहू द्या, बसमध्ये तो लागत नाही. वेमोतून उतरताना मागची सीट एकदा बघून घ्या. दार लागलं की गाडी पुढच्या माणसाकडे निघून जाते, हाक मारायला आत कुणी नसतं.